लाईट आली, नेट आलं, पण सावद्याचा झॅबिक्स प्रॉक्सी गप्पच: कारण आणि इलाज

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल.

दूरच्या एका जागी रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’) झॅबिक्स प्रॉक्सी बसवलाय. झॅबिक्स म्हणजे मशीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि प्रॉक्सी म्हणजे दूरच्या जागी आकडे गोळा करणारा त्याचा हस्तक. तो वायरगार्डच्या टनेलमधून, म्हणजे इंटरनेटवरून दोन जागा जोडणाऱ्या बंद खाजगी रस्त्यातून (व्हीपीएन), मुख्य सर्व्हरला आकडे पाठवतो. तिथली लाईट जाते, परत येते. पाय चालू होतो, राउटर चालू होतो, तिथल्या माणसाच्या मोबाईलवर त्याच वायफायवर व्हिडिओ चालतो. पण टनेल उभं राहत नाही. कधी पाच मिनिटांत राहतं, कधी पाऊण तास घेतं, तासाच्या वर सहसा जात नाही. आणि मुख्य सर्व्हर रिस्टार्ट केला तर तत्काळ उभं राहतं.

एवढं सगळं पटलं तर पुढे वाचा. टनेल आपणहून कधीच उभं राहत नसेल, किंवा सर्व्हर नव्हे तर पाय रिस्टार्ट केल्यावरच राहत असेल, तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्याबद्दल खाली दोन ओळी आहेत.

मी या प्रकरणात दिवाळीपासून जूनपर्यंत अडकलो होतो. या काळात तीन वेळा ‘सुटलं’ असं जाहीर केलं आणि तिन्ही वेळा तोंडावर पडलो.

मांडणी काय आहे

आमची फर्म केळीची. ऑफिस जळगावात, रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या खोल्या) सावद्याला, पॅकहाऊस रावेरला. झॅबिक्सचा सर्व्हर जळगावच्या ऑफिसात आहे. सावद्याला चेंबरच्या तापमानाचे कंट्रोलर आहेत, त्यांना आरएस-४८५ ची तार आहे आणि ते मॉडबस (कंट्रोलरची आकडे सांगायची भाषा) बोलतात. झॅबिक्सचा एजंट २ (आकडे वाचणारा छोटा प्रोग्राम) मॉडबस थेट वाचतो, त्यामुळे मध्ये दुसरं काही लागत नाही. स्विच आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर एसएनएमपीवर (नेटवर्कच्या उपकरणांची तशीच भाषा) आहेत. हे सगळं एका पायवरचा प्रॉक्सी गोळा करतो आणि जळगावला धाडतो.

केळीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: हिरवा माल चेंबरमध्ये भरला की १०० पीपीएमच्या आसपास इथिलीन सोडतात, तापमान १६ ते १८ अंश आणि दमटपणा ९० टक्क्यांच्या वर ठेवतात. १३ च्या खाली गेलं तर साल काळवंडते, वर गेलं तर गर आधी मऊ पडतो आणि रंग मागे राहतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना चेंबरचा आकडा पाऊण तास दिसत नाही म्हणजे इकडे शेठजींचा फोन आणि तिकडे नानांची धावपळ. नाना म्हणजे आमचे सावद्याचे ऑपरेटर. त्यांच्या दृष्टीने सगळा गोंधळ त्या ‘पाय’ नावाचा होता. “तुमचा पाय आज पुन्हा मुरगळला का भाऊ,” असं ते फोनवर विचारायचे.

इन्स्टॉलेशनवर फार लिहीत नाही, त्याचे धडे भरपूर आहेत. मला नडलेल्या गोष्टी तेवढ्या सांगतो. प्रॉक्सी आणि सर्व्हर एकाच मुख्य आवृत्तीचे ठेवा. प्रॉक्सीच्या कॉन्फिग फाईलमधलं होस्टनेम आणि सर्व्हरच्या पडद्यावर दिलेलं प्रॉक्सीचं नाव अक्षरशः एकच हवं, लहान-मोठ्या लिपीसकट. नाहीतर सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘प्रॉक्सी नॉट फाऊंड’ दिसत राहतं आणि आपण फायरवॉलला शिव्या घालतो. १०,०५१ नंबरचा पोर्ट सर्व्हरवर उघडा हवा. मॉडबससाठी सिरियल पोर्ट वाचायला झॅबिक्सच्या युजरला ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये घालावं लागतं. हे विसरलं तर रूटने हाताने चालवल्यावर आकडा येतो आणि एजंटला येत नाही. छोट्या जागेसाठी प्रॉक्सीला एसक्यूलाइट पुरतो, मोठा डेटाबेस लादू नका.

आणि एक सेटिंग आजच बघून घ्या: ‘प्रॉक्सी ऑफलाइन बफर’. न लिहिल्यास ते १ तास असतं. म्हणजे सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर प्रॉक्सी तासाभराचाच माल राखून ठेवतो, त्याआधीचा फेकून देतो. मी ते ७२ तास केलं. पुढे हीच गोष्ट चोराचा पुरावा देणार होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

लागू न पडलेले इलाज

सावद्याला लाईट गेली की जनरेटर उचलतो, पण त्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढ्यात पाय आणि राउटर दोन्ही बंद पडून पुन्हा चालू होतात. चेंबर लगेच सावरतं, पाय मात्र अर्धवट. सर्व्हरवर मी अलार्म लावला होता: प्रॉक्सी १० मिनिटं दिसला नाही तर टेलिग्रामवर मेसेज. तो मेसेज आठवड्याला दोन-तीनदा यायचा. वादळी वाऱ्याच्या दिवसांत दिवसाला दोन-तीनदा.

पहिला संशय टनेलमधून डेटाची जी पाकिटं जातात त्यांच्या आकारावर. तो आकार, म्हणजे एमटीयू, १४२० वरून १३८० वर आणला. दोन दिवस अलार्म नाही. मी खूश. तिसऱ्या दिवशी पुन्हा. (त्या दोन दिवसांत सावद्याला लाईट गेलीच नव्हती, हे नंतर कळलं.) मग ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (टनेल जागं ठेवणारं पाकीट) २५ सेकंद केलं. नॅटमागे, म्हणजे राउटरच्या आड बाहेरून थेट पत्ता नसलेल्या मशीनला ते हवंच, पण आमच्या दुखण्यावर त्याचा उपयोग शून्य. मग मेमरी कार्ड बदललं. लाईट जाता-येता कार्ड खराब होतात हे खरं आहे, म्हणून पटलं. तेही व्यर्थ.

मग फेब्रुवारीत एक ‘रामबाण’ सापडला. जळगावच्या सर्व्हरवर अपडेट टाकून रिस्टार्ट केलं आणि त्याच क्षणी, अर्ध्या तासापासून गप्प असलेला सावदा बोलायला लागला. दुसऱ्या वेळी मुद्दाम करून पाहिलं: लागू. तिसऱ्यांदाही लागू. मी ऑफिसात कागद चिकटवून टाकला: सावदा दिसेना तर सर्व्हर रिस्टार्ट करा. आता हसू येतं, पण हा कागद तीन महिने भिंतीवर होता. दोष सर्व्हरमध्येच आहे अशी माझी ठाम समजूत त्या कागदानेच करून दिली. मी सर्व्हरची रॅम तपासली, डेटाबेस ट्यून केला, पोलर प्रोसेस वाढवल्या. सर्व्हर पूर्वीपेक्षा छान पळायला लागला, दुखणं जागच्या जागी.

एप्रिलमध्ये कंटाळून सगळ्यात वाईट गोष्ट केली. अलार्मची मर्यादा १० मिनिटांवरून ७० मिनिटांवर नेली. फोन शांत झाला, शेठजी शांत झाले. चेंबर मात्र अजूनही पाऊण-पाऊण तास अंधारात होतं, फक्त आता कोणाला कळत नव्हतं.

जनरेटरचं रजिस्टर

मे मध्ये मी स्वतः सावद्याला गेलो. भुसावळहून तापीचा पूल ओलांडून फैजपूरकडे जाताना दोन्ही बाजूंना वाऱ्याने आडवे पडलेले केळीचे बाग दिसत होते. आदल्या संध्याकाळीच वादळ होऊन गेलं होतं. असल्या दिवशी कोणाला नेटवर्कचं गाऱ्हाणं सांगावं, म्हणून मी मुकाट्याने पॅनेलजवळ बसलो. तिथे नानांचं रजिस्टर होतं. डिझेलचा हिशोब द्यावा लागतो म्हणून जनरेटर किती वाजता चालू झाला, किती वाजता बंद, हे ते मिनिटासकट लिहितात. मी सात महिन्यांत जे केलं नव्हतं ते नाना रोज करत होते.

रजिस्टरमधल्या वेळा घेतल्या आणि त्यांच्यासमोर, वीज परत मिळाल्यावर प्रॉक्सी किती वेळ गप्प होता ते झॅबिक्समधून लिहिलं. दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी लाईट गेली: ४७ मिनिटं गप्प. ४ वाजून ५८ मिनिटं: ४२ मिनिटं. सकाळी ११:४०: २४ मिनिटं. सकाळी ९:२०: जेमतेम ४ मिनिटं, म्हणजे अलार्मच नाही. रात्री ९:१०: ५२ मिनिटं.

मी आधी दिवस-रात्र, ऊन, नेटची गर्दी असं काय काय लावून पाहिलं. काही बसेना. मग लाईट किती वेळ गेली होती ते पाहिलं. रात्री ९:१० ला जनरेटरही हटून बसला होता आणि पायला वीस मिनिटं वीज नव्हती. बाकीच्या वेळी वीस सेकंदही नाही. तरी वीज परत मिळाल्यावरचा गप्प राहण्याचा काळ त्यावर ठरत नव्हता. ठरत होता फक्त घड्याळातल्या मिनिटाच्या आकड्यावर. ९:२० ला थोडा, ११:४० ला मध्यम, ४:५८ ला जास्त, २:०५ ला आणखी जास्त, ९:१० ला सगळ्यात जास्त. तासाच्या १७ व्या मिनिटापासून मोजायला लागा, सगळे आकडे मिनिट-दोन मिनिटांच्या फरकाने बसतात.

१७ हा आकडा लिनक्सवाल्यांनी पाहिलेला असतो. डेबियन या लिनक्सच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) ‘दर तासाची कामं’ १७ व्या मिनिटाला चालतात. पायवर ती यादी उघडली. तिथे एक काम होतं: ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’.

नेमकं काय घडत होतं

रास्पबेरी पाय ४ मध्ये घड्याळ नाही. म्हणजे साध्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर गोल सेल असतो आणि वीज नसतानाही वेळ चालू राहते, ती सोय यात नाही. त्यावर तोड म्हणून ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ दर तासाला चालू वेळ एका फाईलमध्ये लिहून ठेवतं आणि पाय चालू होताना तिथूनच मोजायला सुरुवात करतं. नीट शटडाऊन केलं तर जातानाही लिहितं. पण वीज अचानक गेली तर शेवटची नोंद १७ व्या मिनिटाची. म्हणजे दुपारी २:०५ ला लाईट गेली की पाय उठतो तेव्हा त्याच्या लेखी १:१७ वाजलेले असतात. मग इंटरनेटवरून खरी वेळ मिळते आणि घड्याळ दुरुस्त होतं. सगळ्या जगात हे असंच चालतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

आमच्याकडे दुरुस्त होत नव्हतं, आणि त्याला कारण मी. सगळ्या मशीनची वेळ एकच असावी म्हणून मी क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) टाकलं आणि त्यात वेळेचा एकच सर्व्हर दिला: जळगावचा आमचा सर्व्हर. टनेलच्या पलीकडचा.

आता दुसरी बाजू. वायरगार्ड हस्तांदोलन करताना, म्हणजे हँडशेकच्या पहिल्या पाकिटात, पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ घालतो. समोरचा प्रत्येक जोडीदाराची शेवटची वेळ लक्षात ठेवतो. त्यानंतर आलेलं पाकीट त्याहून जुन्या वेळेचं असेल तर ते गुपचूप टाकून देतो. कोणी जुनं पाकीट पकडून पुन्हा पाठवून फसवू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या: गेटवर शेवटची बिल्टी ४१२ नंबरची लागली, आणि आता कोणी ३८० नंबरची बिल्टी दाखवून ट्रक सोडा म्हणतोय. गेटवाला ट्रक सोडणार नाही. फरक इतकाच की आपला गेटवाला दोन शब्द सुनावतो, वायरगार्ड काहीच बोलत नाही. अनोळखी किंवा संशयास्पद पाकिटाला उत्तरच द्यायचं नाही, अशी त्याची रचना आहे.

म्हणजे चक्र असं. घड्याळ मागे, म्हणून टनेल नाही. टनेल नाही, म्हणून जळगावची वेळ नाही. वेळ नाही, म्हणून घड्याळ मागेच. पायचं चुकलेलं घड्याळ चालत चालत लाईट जाण्याआधीच्या शेवटच्या हँडशेकच्या पुढे गेलं की जळगाव त्याला आत घेतं, मग क्रोनीला वेळ मिळते आणि सगळं सुरळीत. पंधरा सेकंद लाईट गेली काय आणि दोन तास गेली काय, मागचा फरक तेवढाच. म्हणून तासाची मर्यादा, म्हणून १७.

आणि सर्व्हर रिस्टार्टचा रामबाण? ती शेवटची वेळ सर्व्हरच्या फक्त मेमरीत असते. रिस्टार्ट केला की विसरला, आणि पायचं जुन्या वेळेचं पाकीट त्याला पहिलंच वाटतं. मी गेटवाल्याचं रजिस्टर फाडून ट्रक आत घेत होतो.

जळगावहून हँडशेक सुरू झालं असतं तर ते चाललं असतं, कारण पायला जुनं काही आठवत नसतं. पण सावद्याचं कनेक्शन नॅटमागे आहे आणि राउटर बंद-चालू झाल्यावर बाहेरचा पत्ता बदलतो. जळगाव जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतं.

पुरावा आधीपासून डोळ्यासमोर होता हे जास्त लागलं. ७२ तासांच्या बफरमुळे गप्प राहिलेल्या काळातले आकडे पुसले जात नव्हते, टनेल जुळल्यावर ते जळगावला पोचत होते, पण चुकीच्या वेळेचा शिक्का घेऊन. चेंबर २ चा आलेख काढला तर १:१७ ते २:०५ दरम्यान रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत होती, आणि त्यापुढचा पाऊण तास कोरा. हरवलेला काळ मागच्या काळावर जाऊन बसला होता. मी तो आलेख महिनोन्महिने पाहत होतो आणि ‘सेन्सर हलतोय’ म्हणत होतो. एक सेन्सर बदललासुद्धा.

तुमच्याकडे हेच आहे का, ते कसं ओळखायचं

सगळ्यात सोपं: लाईट येऊन पाच मिनिटं झाली की तिथल्या माणसाला पायवर स्क्रीन लावून वेळ वाचायला सांगा आणि मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहा. नानांनी वाचली: “यात त एक वाजून बावीस दाखवू राह्यलं.” मोबाईलमध्ये सव्वादोन. तिथेच खटला निकाली निघाला.

स्क्रीन नसेल तर जळगावच्या बाजूने बघा. टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावा, वायरगार्डच्या पोर्टवर (न बदलल्यास ५१,८२०, यूडीपी). दूरच्या जागेहून १४८ बाइटची पाकिटं पाच-पाच सेकंदांनी येताना दिसतील. ती हँडशेकची सुरुवात. निरोगी टनेलमध्ये त्यावर ९२ बाइटचं उत्तर जातं. उत्तर जाताना दिसत नसेल, तर पाकीट पोचतंय आणि नाकारलं जातंय. फायरवॉल निर्दोष. आणखी खात्री हवी तर कर्नलमध्ये वायरगार्डचा डायनॅमिक डीबग चालू करा, लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड हँडशेक इनिशिएशन’ अशी ओळ येते. टनेलची गुप्त किल्ली चुकली तरी तीच ओळ येते, म्हणून नुसत्या त्या ओळीवर निकाल देऊ नका. काल चालत होतं आणि आज लाईट गेल्यावर चालत नाही, म्हणजे किल्ली तीच आहे.

मुद्दाम घडवूनही पाहता येतं: पायवर क्रोनी थांबवा, घड्याळ दहा मिनिटं मागे करा, टनेल खाली-वर करा. दहा मिनिटं जुळणार नाही, मग आपोआप जुळेल. हे त्या टनेलमधूनच आत शिरून करू नका. मी जळगावात बसून केलं आणि एंटर दाबल्यावर लक्षात आलं की बसलेली फांदी तोडलीय. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत काढली. बरोबर दहाव्या मिनिटाला जुळलं, तो क्षण मात्र सात महिन्यांत सगळ्यात गोड.

आता ते दुसरं दुखणं, दोन ओळींत. टनेल आपणहून कधीच जुळत नसेल आणि कॉन्फिगमध्ये सर्व्हरचा पत्ता आकड्याऐवजी नावाने दिला असेल, तर ते नाव फक्त टनेल सुरू होतानाच एकदा शोधलं जातं. त्या वेळी नेट आलेलं नसेल, किंवा नंतर सर्व्हरचा पत्ता बदलला, तर टनेल तसंच बसून राहतं. त्याला ठरावीक वेळाने नाव पुन्हा शोधणारी छोटी स्क्रिप्ट लावतात. घड्याळाचा त्यात संबंध नाही.

इलाज

पहिली दुरुस्ती फुकटची: वेळ टनेलच्या बाहेरून घ्या. क्रोनीमध्ये सार्वजनिक पूलचे भारतातले सर्व्हर द्या, किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळेचा सर्व्हर द्या. भारताची प्रमाणवेळ तीच सांभाळते. जळगावचा सर्व्हरही राहू दे, पण एकटा नको. सुरुवातीच्या काही वेळा घड्याळ हळूहळू न सरकवता एकदम उडी मारून दुरुस्त कर, हे सांगणारी ‘मेकस्टेप’ची ओळ फाईलमध्ये आहे ना तेवढं पाहा. डेबियनमध्ये ती असते.

मी हे केलं, घोषणा केली, आणि पुढच्या लाईटला पुन्हा तेच. हे तिसरं तोंडावर पडणं. कारण पायला नाव शोधण्यासाठी डीएनएस दिला होता तोही जळगावचा, टनेलच्या पलीकडचा. वेळेच्या सर्व्हरचा पत्ता शोधायला टनेल हवं, टनेलला वेळ हवी. डीएनएस सावद्याच्या राउटरचा दिला तेव्हा सुटलं. तुम्ही सगळाच ट्रॅफिक टनेलमधून पाठवत असाल, म्हणजे ‘अलाउड आयपीज’मध्ये सगळे पत्ते टाकले असतील, तर वेळेचं पाकीटही टनेलमध्येच शिरेल. त्याला वेगळा रस्ता काढून द्यावा लागेल.

दुसरी दुरुस्ती थोडक्या पैशांची आणि खरी: पायला घड्याळ द्या. डीएस३२३१ नावाची चिप असलेलं छोटं मॉड्यूल मिळतं, नेहमीच्या तापमानात त्याची चूक दहा लाखांत २ इतकी, म्हणजे वर्षाला मिनिटभर. ते पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनला जोडा, ५ च्या नव्हे. ५ ला जोडलं तर पायच्या पिनांवर जास्त व्होल्टेज येतं. शिवाय काही मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि आपण टाकतो तो साधा सीआर२०३२ सेल चार्ज व्हायचा नसतो. मग ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’मध्ये त्या चिपचा ओव्हरले (चिप जोडल्याची नोंद) लिहा, ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ काढून टाका, आणि ‘एचडब्ल्यूक्लॉक-सेट’ नावाच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) दिसलं की बाहेर पडणाऱ्या ओळी असतील तर त्या बंद करा. ही शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात आणि मॉड्यूल बाद आहे म्हणून परत करतात. आयटूसीच्या (चिप ज्या तारांवर बोलते त्यांच्या) तक्त्यात ६८ च्या जागी ‘यूयू’ दिसलं की चिप कर्नलच्या ताब्यात गेली असं समजा.

मॉड्यूल येईपर्यंत तात्पुरतं करायचं असेल तर ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ दर तासाऐवजी दर मिनिटाला चालवा. गप्प राहण्याचा काळ मिनिट-दोन मिनिटांवर येतो. कुबडी आहे, पण चार दिवस चालते.

प्रॉक्सी आणि टनेल ‘वेळ जुळल्यावरच सुरू हो’ असं सिस्टिमडीला सांगता येतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसा सल्ला दिसतो. मी तसं ठेवलं नाही. सावद्याला कधी कधी नेटच अर्धा दिवस येत नाही. तेव्हा प्रॉक्सीने वेळेची वाट पाहत बसावं आणि चेंबरचा एकही आकडा नोंदवू नये, हे मला परवडत नाही. घड्याळाचा सेल असल्यावर त्याची गरजही नाही.

राउटर आणि पायला मिळून एक छोटा डीसी यूपीएस लावला, जनरेटर उचलेपर्यंतची वीस सेकंदं तो सहज काढतो. हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर बहुतेक अलार्म वाचले असते, पण मूळ दुखणंही दडून राहिलं असतं आणि यूपीएसची बॅटरी उन्हाने बसली की पुन्हा उपटलं असतं.

अलार्मची मर्यादा ७० वरून परत १० वर आणली. त्यासोबत सावद्याच्या सगळ्या ट्रिगरना (अलार्म वाजवणाऱ्या नियमांना) प्रॉक्सीच्या ट्रिगरवर अवलंबून केलं, म्हणजे प्रॉक्सी गेला तर एकच मेसेज येतो, चौदा नाही. आणि एक नवा ट्रिगर टाकला: प्रॉक्सीच्या मशीनची वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा ६० सेकंदांहून जास्त मागे-पुढे असेल तर ओरड. झॅबिक्समध्ये त्यासाठी ‘फझीटाइम’ फंक्शन तयार आहे, फक्त त्या मशीनची वेळ प्रॉक्सीने नव्हे तर सर्व्हरने थेट विचारलेली हवी. टनेल तुटलेलं असताना तो बोलणार नाही हे कबूल, पण सेल मरायला लागला की आधीच कुरकुर करेल.

डेटाबेसमध्ये मागच्या तासावर बसलेले जुने आकडे मी तसेच ठेवले. निवडून पुसायला गेलो असतो तर खरेही गेले असते. त्या सात महिन्यांचा आलेख कोणी मागितला तर करवतीचे दाते बघून घ्यायचे.

रावेरच्या पॅकहाऊससाठी नवा पाय ५ आणलाय. त्यात घड्याळ बोर्डवरच आहे, हे वाचून मी निर्धास्त होतो. खोकं उघडल्यावर कळलं की घड्याळ आहे, पण त्याचा सेल नाही. त्याला बोर्डवर छोटं सॉकेट दिलंय आणि सेल वेगळा घ्यावा लागतो. तो येईपर्यंत पाय ५ कपाटात, आणि रावेरच्या जनरेटरशेजारी एक कोरं रजिस्टर ठेवून आलोय.